शेंदराखालचा ओंकार

प्रति,
मा. मानद सचिव श्री. किशोर टेंभुर्णीकर,
वीर जवान स्मारक समिती,
नारायणगुडा, हैदराबाद.

विषय : शहीद शिपाई ओंकार पाथरकर याच्या पुतळ्यावरील शेंदूर उतरवून चेहरा मोकळा करणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराने आपल्या घरी येऊन केलेल्या तोंडी विनंत्या. दर वेळी चहा मिळाला, उत्तर मिळाले नाही.

महोदय,

१. अर्जदार ही सदर शहिदाची सख्खी आई आहे. समितीने चौकात ओंकारचा अर्धपुतळा बसवला, तो हुबेहूब होता. अर्जदार आबिड्सहून परतताना मुद्दाम तिथे उतरत असे आणि पदराने त्याच्या तोंडावरची धूळ पुसत असे. त्याबद्दल समितीचे उपकार ती नाकारत नाही.

२. गेल्या गणपतीत मांडवाचा बांबू लागून पुतळ्याच्या गालाचा टवका उडाला. भंगलेली मूर्ती चौकात नको, अशी कुजबुज सुरू झाली. शिल्पकाराला बोलावण्याऐवजी आपण गालाला शेंदूर लिंपून मोकळे झालात. शेंदूर दिसला की आपल्या लोकांचे हात आपोआप जुळतात, हे आपणास ठाऊक नव्हते असे अर्जदार मानत नाही. बघता बघता लोकांनी थरावर थर चढवले आणि कपाळ, डोळे, ओठ सगळे बुजले. आता शनिवारी तेल पडते, रुईच्या माळा चढतात.

३. त्यातच आपले पुतणे चि. रितेश यांना अमेरिकेचा व्हिसा मिळाला आणि त्यांनी त्याचे श्रेय 'वीरबाबा'ला दिले. तेव्हापासून कॉम्प्युटरवाली पोरे पासपोर्ट खिशात घालून ओंकारला प्रदक्षिणा घालतात. देश राखताना मेलेल्या पोराकडे देश सोडून जायची परवानगी मागितली जाते आणि आपण तीर्थ वाटता. आपल्याला लाज कशी वाटत नाही, हे अर्जदारास समजलेले नाही.

४. परवाच्या शनिवारी अर्जदाराने पदर पुढे केला, तर आपल्या स्वयंसेवकाने तिचा हात धरला. "अम्मा, हल्लू! लाइनमध्ये या, देवाला हात लावू नका." हा माझा लेक आहे, असे तिने सांगितले. तो म्हणाला, "हौ अम्मा, सबका है." आपण शेजारीच उभे होतात. आपण म्हणालात, "वहिनी, तुमच्या पोटी देव जन्मला, भाग्य समजा." अर्जदाराने देव जन्माला घातला नव्हता. तिने एक हट्टी, खादाड, आईला घाबरणारा मुलगा जन्माला घातला होता आणि तिला तोच हवा आहे.

५. घरी फोटो आहे, असे आपण सुचवलेत. फोटोतल्या गालाला हात लावला तर काच लागते. चौकातला गाल टवका उडालेला असला तरी चालेल.

६. सबब, येत्या सोमवारी सकाळी, ओंकारच्या वाढदिवशी, अर्जदार खोबरेल आणि ऊन पाण्याची बादली घेऊन चौकात येईल. आपण पोलीस बोलवावेत, भटजी बोलवावेत, तिची हरकत नाही. लेकाला न्हाऊ घालायची परवानगी ती मागत नाही. त्याचे डोळे उघडेपर्यंत आपल्या भक्तांना बाजूला घ्यावे, एवढीच मागणी आहे.

आजवर नम्र राहिलेली,
मालनबाई हिम्मतराव पाथरकर
दि. १४ नोव्हेंबर