आत्यांचा पाय माझ्या पाठीला नको

अहो,

तुमच्या आत्या संध्याकाळी माझ्या पाठीला पाय लावायला येतील, तेव्हा मी घरात नसेन. त्यांना चहा द्या आणि परत पाठवा. त्या पायाळू आहेत, त्यांच्या लाथेने लोकांची उसण उतरत असेल. माझी ही उसण नाही. कमरेचा एक मणका खालच्या मणक्यावरून पुढे सरकलाय. डॉक्टर म्हणाले, लाथ मारून तो जागेवर जात नाही, उलट नस दबेल. सध्या पट्टा आणि गोळ्या, वाकणं बंद, वजन बंद. दुखणं उतरलं की व्यायाम. पायातली ताकद जायला लागली तर मात्र ऑपरेशन.

आईंना वाटतं मी नाटक करते. एक्स-रे टीव्हीवर ठेवलाय. त्यांना दाखवा, तुम्हीही बघा.

मी आगाशीला दादाकडे जातेय. आपल्या पिंकीला सोबत नेते, नाहीतर माझा हंडा तिच्या डोक्यावर जाईल. आमटी-भात झाकून ठेवलाय.

टँकरचं पाणी रोज चार मजले कोण चढवणार, ते तुम्ही आणि आईंनी ठरवा. माझं आणि पिंकीचं सोडून कुणाचंही नाव चालेल. ठरलं की न्यायला या. स्कूटर नको, रिक्षा आणा.

संपदा