सशांना माझा हात ओळखीचा आहे

प्रिय माय,

सप्रेम जयभीम. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. मुकुंदवाडीतली खोलीही चांगली आहे. तुझा गुडघा आता कसा आहे?

पोरगी औषधांच्या प्रयोगशाळेत ससे सांभाळते, असं तू गल्लीभर कौतुकानं सांगतेस. गुरुवारी फोनवर तू विचारलंस, "ससे बरे हायेत का गं?" मी "व्हय" म्हणाले. खोटं बोलले, माय. त्याच सकाळी ते मारले होते.

चाचणी संपली की पोटातले अवयव तपासतात, म्हणून जनावरं जिवंत ठेवत नाहीत. मारायचं इंजेक्शन आमचे बद्रीनाथ सर देतात. ससे धरायला मला बोलावलं. चार महिने मीच त्यांना खाऊ घातलेलं. पहिल्या सशानं माझ्या कोपरात तोंड खुपसलं आणि तो तसाच गेला.

मी म्हणाले, "सर, मला हे काम नको."

ते चिडले नाहीत. म्हणाले, "तू नाय धरलंस तर दुसरं कुणी धरंल. त्याला ससे भितील, लई धडपडतील. तूच सांग, काय करू?"

मी जाऊन पुढचा ससा आणला.

रविवारी विहारात पंचशील म्हणताना जीव न घेण्याच्या पहिल्याच शीलाला माझा आवाज फुटला नाही. शेजारच्या काकूंनी विचारलं, "घसा बसला का?" मी मान हलवली.

काल नवे ससे आलेत. त्यांना लळा लावू का नको, माय?

तुझीच,
मोनाली