कोऱ्या उत्तरपत्रिका

शहापूर,
१२ जानेवारी २०२६

चि. सुयोग यास अ. उ. आ.

आबांनी तुझा मोबाइल काढून घेतला, म्हणून नर्सिंगच्या वसतिगृहात बसून तुझ्या ताईला पेन धरावं लागलंय. आई सांगत होती, दहावीच्या पूर्वपरीक्षेत गणिताची उत्तरपत्रिका तू कोरी दिलीस. एकट्या तूच नाही, मागच्या बाकांवरच्या तुम्ही चौघांनी. सरांनी आबांना शाळेत बोलावून सांगितलं की ही पोरं माजलीत, शिकायचं नसेल तर ढाब्यावर पाठवा. आबा मान खाली घालून ऐकत राहिले म्हणे.

मला अपूर्णांक अडले की पाचवीतला तू सांगायचास, वर ढ म्हणून चिडवायचास. मग आता काय झालं? बोर्ड महिन्यावर आलंय. खरं काय ते लिही.

माया आहे तेवढीच आहे. राग जास्तीचा आहे, तोही याच पाकिटातून पाठवते.

तुझी ताई,
दिपिका

टोकावडे,
१७ जानेवारी २०२६

ती. ताईस सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. आबा माझ्याशी बोलत नाय, एवढंच. पेपर सोपा होता गो. पहिलं पान बघितलं तेव्हाच उत्तरं डोक्यात आली. दोन तास हात मांडीखाली दाबून बसलो.

सर आमाला भंगार म्हणतात, म्हणून आमीच आमचं नाव भंगार पार्टी ठेवलं. पार्टीतल्याने वर्गात हात वर करायचा नाय. केला तो सरांचा पोपट. वर्गात बसलं की पाय नुसते हलतात. शेजारचा शेखरदादा बारावी होऊन पिकअपच चालवतो ना? मग मी आत्तापासूनच का नको?

बाकीचं विचारू नको. शपथ घेतलीय.

रागासकट सांभाळून घे.

तुझा,
सुयोग

शहापूर,
२१ जानेवारी २०२६

चि. सुयोग यास अ. उ. आ.

हात दाबून ठेवावे लागले, म्हणजे ते लिहायला निघाले होते. तू कुणाला तरी झाकतोयस. मीही पहिल्या वर्षी इंग्रजी कळत नसताना वर्गात मान डोलवायचे. नापास झाले, तेव्हा कुठे मॅडमना समजलं.

नाव मला नको. पण ज्याला झाकलंस त्याला एवढं विचार, की आबांनी मान खाली घातली हे त्याला ठाऊक आहे का. आणि आधी वेळेवर जेव.

तुझी काळजी करून थकलेली,
दिपिका

टोकावडे,
५ फेब्रुवारी २०२६

ती. ताईस सा. न. वि. वि.

शपथ आमच्या पार्टीतल्या वाळूनेच मोडली, म्हणून लिहितो. त्याला वाचता येत नाय. दहावीत असून. लहानपणी दर हिवाळ्यात आईबापासंगं वीटभट्टीवर जायचा, तेव्हाच अक्षरं सुटली. सरांनी वाचायला उभं केलं की तो टवाळी करायचा, वर्ग हसायचा, सर बाहेर काढायचे. त्याला तेच हवं असायचं. गणिताच्या दिवशी बाक बदलले आणि बघून लिहायची सोय गेली. एकट्याचा पेपर कोरा गेला तर कळेल, म्हणून चौघांनी कोरे दिले.

तुझं पत्र आलं तसं त्याला आबांचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो एकटाच सरांकडे गेला आणि म्हणाला की सुयोग माझ्यापायी अडकला, त्याचा पेपर पुन्हा घ्या. सरांना वाटलं, नवी टवाळी. त्यांनी पुस्तक पुढे केलं. वाळू ते धरून तसाच उभा राहिला. ह्या वेळी कुणाला हसवलं नाय. सरांनी पुस्तक मिटून घेतलं आणि विचारलं की कधीपासून.

आमा तिघांचा पेपर परत झाला. मी सगळा सोडवला. सर घरी येऊन आबांसंगं चहा पिऊन गेले. माफी वगैरे नाय मागितली, पण आता भंगार म्हणत नाय. पार्टीतले दोघं मात्र मला पोपट म्हणतात, बाकावर सरकून जागा देत नाय. लागतं गो.

वाळू बोर्डाला बसणार की भट्टीवर जाणार, त्याचं त्यालाच कळत नाय. शाळा सुटली की माझ्यापाशी बाराखडी करतो, चिडून पुस्तक फेकतो, निघून जातो, परत येतो.

काल आमाला मुरबाडला जायचं होतं. एसटी आली. मी चढणार तर वाळूने दंड धरला, सांगू नको म्हणाला, आणि पाटी वाचायला लागला. मु झाला, र झाला, कंडक्टर ओरडला, बा झाला, आणि गाडी सुटली. शेवटचा ड त्याने गाडीमागे धावत ओरडून सांगितला.

दुसरी गाडी दीड तासाने होती. आमी पायीच निघालो.

आईआबांवर असते तेवढीच माया आमा दोघांवर असू दे.

तुझा,
सुयोग