दौंडची रिकामी खोली

ती. आबा,
सप्रेम जय भीम.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. पोलंडमधला हा औषधांचा कारखाना आपल्या कुरकुंभच्या कारखान्यांसारखाच आहे, फक्त जेवणाच्या सुट्टीत शेजारी बसायला कुणी नसतं. तुमचा गुडघा कसा आहे?

रविवारी मी इथल्या संग्रहालयात जाते. आत ऊब असते. तिथल्या यानिनाबाई मोबाईलवर भाषांतर करून गावाची गोष्ट सांगतात. मध्ययुगात मंगोल स्वारांनी हे गाव जाळलं. मग राजानं लांबून माणसं बोलावली, दोरीनं मोजून जागा दिल्या, काही वर्षं कर माफ केला.

"माफी संपल्यावर किती जण घरी परतले?" मी विचारलं.

"ते कुणी लिहून ठेवलं नाही," त्या हसल्या. "तू कधी परतणार?"

मी भिंतीवरच्या जुन्या नकाशाकडे वळले.

काल आपला महेंद्र फोनवर म्हणाला, "ताई, तुझी खोली रिकामीच हाय. भाड्यानं देऊ का?" मी हो म्हणून गेले. आबा, तुमच्या लेकाला थांबवा. कंपनी आणखी तीन वर्षं राहा म्हणतेय. ती खोली गेली, तर त्यांना नाही म्हणायला माझ्याकडे कारण उरणार नाही.

थंडीत कान बांधून फिरा.

तुमची,
राजश्री