जोतिबाच्या खोलीची भिंत

ता. ७-२-७२

अंजना,

तू पाण्याला गेलीस आन् कराडची एसटी आली, म्हणून लिवून ठेवतोय. मी पुण्याला निघालो. लष्कराच्या दवाखान्यातनं जोतिबाला शुक्रवारी सोडत्यात. तवर त्याच्याजवळच ऱ्हातो.

आज आकाराम रंगारी येईल. नवी भिंत खरबरीत बघून तो लांबीचा लगदा भरून गुळगुळीत करू म्हणंल. करू देऊ नको. खाटेपासनं दारापर्यंतचा गिलावा मीच गवंड्याला मुद्दाम तसा ठेवाय लावलाय. चुना नको, डिस्टेंपरबी नको, हात घासला की तळव्याला लागतंय. प्रायमरचा एकच पातळ हात, तो वाळला की ऑइलपेंट. खाली कोपऱ्यात ओल वाटली तर एक दिवस थांबा, न्हाईतर पापुद्रं सुटत्यात.

जोतिबा आता भिंत चाचपतच दारापर्यंत जाणार. तुला आन् आईला त्याच्या पायाच्या जखमेचंच ठाऊक हाय. डोळं गेल्यात. नजर परत येणार न्हाई, असं डॉक्टरांचं पत्र आठ दिवस माझ्या कोटाच्या खिशात हाय. भावाचं असं सांगाय जीभ रेटली न्हाई. चुकलं माझं. आईला तूच सांग, तिच्याजवळ बसून.

रंग आईनं कवाच ठरवलाय, जोतिबाला आवडतो म्हणून आकाशी. हे कळल्यावर ती म्हणंल, आता कुठलाबी लावा. तरी आकाशीच लाव. तो आल्या आल्या रंग कुठला म्हणून विचारणार, आन् त्याला मला खोटं सांगायचं न्हाई.

कृष्णात