चढ संपल्यावरचं एक मिनिट

मंगळवार, संध्याकाळ

आज जुन्नरला गॅरेजात रफिकभाईंनी पिकअपचा टर्बो उघडला. आत ऑइल जळून कोळसा झालेला. "राव, चढ चढून आल्यावर गाडी मिनिटभर नुसती चालू ठेवायची, टर्बो निवला की मग चावी फिरवून बंद करायची. ठाऊक नाय व्हय?" ठाऊक होतं. चांगलं ठाऊक होतं.

पण घाटघरचा चढ संपतो तिथंच सुनीताचं घर. किराणा भरलेली गाडी रेटत वर आणायची आणि लगेच बंद करायची, म्हणजे गाडी पुढं निघून गेली असं तिच्या वडिलांना, तात्यांना वाटायचं आणि ती कुंपणापर्यंत यायची. वर्षभर हेच. तो कोळसा त्याचाच.

रविवारी त्याच चढावर गाडीनं धूर ओकला. तात्या चार लोकांत म्हणाले, "एवढंसं इंजिन, टर्बो लावून काय व्हतंय? मालकानं कॉलेज अर्ध्यात सोडलं, गाडीनं चढ. जोडी लई जमली." सगळे हसले. डोकं फिरलं. पण इंजिन चांगलं आहे म्हणावं, तर ते बिघडलं कसं हेही सांगावं लागणार.

मग सांगू की. माझ्यापायी इंजिनानं का बोलणी खायची?

सुनीताला फोन केला. म्हणाली, "सांग. पण भांडू नको."

नाही भांडणार. उद्या नवा टर्बो बसतोय. गाडी थेट तात्यांच्या दारात उभी करणार आणि मिनिटभर घुरघुरू देणार. ते बाहेर येतीलच. आले, की मगच चावी फिरवणार.