देवाच्या डोहात कॅमेरा

१९ जानेवारी

कॅमेऱ्याचा डबा परत गळला. आत टिश्यूपेपर ठेवून बादलीत बुडवला, वर पाटा ठेवला, भात होईपर्यंत थांबले. काढला तर एक कोपरा ओला. कॅमेरा आत नव्हता हे नशीब.

रत्नागिरीला त्या ॲक्रिलिकवाल्याकडे पुन्हा गेले. तो नेमप्लेट आणि फिशटँक करतो. म्हणाला, मॅडम, एवढ्याशा टँकात मासे कसे मावतील? म्हटलं, मासे बाहेर राहतील, कॅमेरा आत.  त्याने झाकणाखाली जाड रबर बसवून दिलं. कॅमेऱ्याचं तयार पाणबंद हाऊसिंग परदेशातून मागवायचं तर माझा लांज्याचा फोटो स्टुडिओ विकावा लागेल. तेव्हा डबाच.

२४ जानेवारी

कोरडा! टिश्यू कुरकुरीत.

२६ जानेवारी

उतरले. सकाळी स्टुडिओ उघडायच्या आधी, लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घालून. लग्न होऊन या वाडीत आल्यापासून या डोहाच्या काठावर कपडे धुतेय, पाणी भरतेय. आत काय आहे ते आज पहिल्यांदा पाहिलं.

पहिला घोळ – डबा बुडेचना. आत हवा. मी खाली ढकलतेय, तो वर उसळतोय. मिरकरवाडा बंदरातून जाळ्याला लावायची शिशाची वजनं आणून खाली बांधावी लागतील. दुसरा घोळ – फ्लॅश. पाण्यात जेवढे कण तेवढे सगळे पेटले. प्रत्येक फोटोत बर्फ पडतोय! लांज्यात बर्फ. एकटीच हसले.

पण एका फोटोत, त्या बर्फाच्या मागे, एक मोठा मासा. देवाचा, इथले मासे कोणी धरत नाही. थेट माझ्याकडे बघतोय.

३० जानेवारी

वाडीतल्या धोंडूने पाहिलं. म्हशी घेऊन खाली आला होता. मला बघून म्हशी तशाच सोडून वर पळाला. संध्याकाळपर्यंत पूर्ण वाडीला ठाऊक – अनिलची बायको देवाच्या डोहात पोहते.

 जेवणं झाली, भांडी आवरली, मग सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तुज्या म्हायेरी मुरुडला समुद्र हाय, म्हणून तुला पोवता येतं. हितं कुनी बाय डोहात उतरलेली मी बगितली नाय."

म्हटलं, मी पण नाही बघितली.

३ फेब्रुवारी

शिसं बांधलं. डबा आता शहाण्यासारखा खाली येतो. फ्लॅश बंद केला, त्याऐवजी टॉर्च हात लांब करून बाजूने धरते. उजेड कडेने आला की कण दिसत नाहीत, मासा दिसतो. डोळे-नाक झाकणाऱ्या मास्कच्या काचेवर धुकं येऊ नये म्हणून आत थुंकून चोळायचं. सभ्य स्त्रीला न शोभणारा उद्योग, पण काच लख्ख राहते.

मळ्ये मासे, सापासारखी लांब एक वाम, खडकाखालचे खेकडे. आणि आज ते दिसलं. काठाला जोडलेल्या मधल्या कातळाच्या बुडाशी वाळू हलतेय. प्रवाह नाही, कोणी मासा ढवळत नाही. भाताला कढ यावा तशी वाळू वर उसळतेय आणि खाली बसतेय. हात नेला. थंडगार. बाकीच्या पाण्यापेक्षा किती तरी थंड.

झरा! डोह का आटत नाही ते तिथे आहे. मोठे मासे सगळे तिथेच उभे.

८ फेब्रुवारी

श्रीपती आबांनी निरोप पाठवला. ते सासऱ्यांचे थोरले भाऊ, देवळाचे मानकरी. गावकीत त्यांचा शब्द शेवटचा. निरोप असा – डोह देवाचा आहे, यापुढे कोणी उतरायचं नाही.

आणि त्याच निरोपात पुढे – एप्रिलमध्ये डोहाचा गाळ काढायचं मंजूर झालं आहे. पोकलेन येणार. मधला कातळ फोडून डोह खोल करणार.

म्हणजे बाई उतरली तर देवाचा कोप, पोकलेन उतरला तर विकास.

९ फेब्रुवारी

रागात लिहिलं काल. आज शांतपणे – आबा वाईट नाहीत. उन्हाळ्यात वाडीची विहीर आटते, डोहाचं पाणी पुरत नाही, टँकरची वाट बघत आम्हीच उभ्या असतो. खोल डोह म्हणजे जास्त पाणी, असं त्यांना वाटतं. मलाही वाटलं असतं. मी काही जमिनीच्या पोटातली तज्ज्ञ नाही. पण कातळ फोडल्यावर झरा राहील की बुजेल, हे आधी कोणीतरी बघायला नको?

आबांकडे जाऊन सांगितलं. म्हणाले, खाली नुसता गाळ आहे, माझ्या आजोबांपासून ठाऊक आहे. विचारलं, आजोबा खाली गेले होते का? उठून आत गेले.

११ फेब्रुवारी

अनिलचा मुंबईहून फोन. वाडीच्या ग्रुपवर सगळं वाचलं. "दर्शना, गावकीच्या विरोधात जाऊ नको. शिमग्याला मला सगळ्यांना तोंड दाखवायचंय."

मी विचारलं, फोटो पाहिलास का? नाही पाहिला. आधी फोटो बघ, मग तोंडाचं बोलू, असं सांगून फोन ठेवला.

१२ फेब्रुवारी

आज पण उतरले.

१८ फेब्रुवारी

कॅमेरा गेला.

घाईत झाकण बंद करताना रबरावर वाळूचा कण राहिला असणार. खाली गेल्यावर काचेच्या आत पाण्याची रेघ चढताना दिसली. वर येईपर्यंत लेन्स बुडाली होती. पहिल्या लग्नाची ऑर्डर याच कॅमेऱ्यावर केली होती. तांदळात ठेवलाय. उगाचच. उठणार नाही तो.

धोंडू काठावर उभा. देवाने दाखवलं, म्हणाला. मी म्हटलं, देवाने नाही, रबराने.

घरी येऊन मात्र खूप रडले.

२१ फेब्रुवारी

रत्नागिरीला सावनीकडे. आम्ही एकाच स्टुडिओत शिकलो, आता तिचा स्वतःचा आहे. सगळं ऐकून घेतलं आणि कपाटातून छोटा ॲक्शन कॅमेरा काढला, त्याच्या स्वतःच्या पाणबंद कव्हरासकट. मुठीत मावतो. म्हणाली, "बुडव. पण तो झरा घेऊन ये."

२५ फेब्रुवारी

मिळाला! व्हिडिओ. कातळाला पाठ टेकून, श्वास धरून, टॉर्च डाव्या हातात. वाळू उसळतेय, दाणा न दाणा वेगळा दिसतोय. मध्येच एक मोठा मासा शांतपणे वरून जातो आणि त्याच्या पोटावर ती वाळू लागते. चारदा खाली गेले. कान दुखतायत. दुखू देत.

१२ मार्च

अनिल आला. वाडी मुंबईकरांनी भरली. व्हिडिओ दाखवला, एकदा पाहिला, परत लावायला सांगितला. मग म्हणाला, हे गावकीत नको दाखवूस. उगाच वाद होईल. सुंदर आहे म्हणाला मात्र.

सुंदर आहे म्हणून काढलेला नाही.

१५ मार्च

आज गावकी बसली. देवळात टीव्ही मीच लावला. बायका बाहेर पायरीवर बसतात, मी आत गेले. कुजबूज झाली, होऊ दिली.

व्हिडिओ संपला.  मग धोंडू म्हणाला, "हल्ली हे मोबाईलवर बनवतात. माजा नातू वाघाला रिक्षा चालवायला लावतो."

सगळे हसले. आबासुद्धा. मला वाटलं होतं चिडतील, ओरडतील, बाहेर काढतील – सगळ्याची तयारी होती. हसतील याची नव्हती. महिनाभर पाण्यात गोठले, कॅमेरा घालवला, आणि खरं दाखवलं तर म्हणे खोटं!

अनिल खाली बघत होता.

मी टीव्ही बंद केला. सगळ्यांकडे वळून बोलले. "उद्या सकाळी डोहावर या. मास्क देते. पोहायला नको, कातळावर आडवं होऊन नुसतं तोंड पाण्यात घाला. मग सांगा खोटं आहे."

येतो असं कोणीच म्हटलं नाही.

१६ मार्च

उन्हं वर येईपर्यंत एकटीच बसले होते. निघणार तेवढ्यात पायवाटेवरून सासूबाई उतरल्या. मागून वाडीतल्या तीनचार जणी.

सासूबाईंनी मास्क मागितला. पट्टा अंबाड्यात अडकला, तो सोडवून दिला. त्या कातळावर पालथ्या झाल्या, मी कंबर धरली. पहिल्यांदा तोंड घातलं आणि झटक्यात वर काढलं – तोंडाने श्वास घेतला होता. खोकल्या. वाटलं झालं, आता जातील. पण पुन्हा घातलं. या खेपेला इतक्या निश्चल पडून राहिल्या की मीच घाबरले.

वर आल्या तेव्हा डोळ्यांभोवती मास्कचा वळ उठला होता.

"पानी खालनं येतंय गो, दर्शना," म्हणाल्या. "जिवंत हाय ता."

मग बाकीच्या. एकीने तर मास्क सोडायलाच नकार दिला. शेवटी अनिल आला, हात मागे बांधून. त्यालाही आईनेच आडवं पाडलं.

२० मार्च

अनिल मुंबईला गेला. जाताना आबांकडे जाऊन कातळाबद्दल बोलला. मला सांगितलं नाही, सासूबाईंकडून कळलं. आणि त्या स्वतः रोज पाणी भरायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगतायत, आधी तोंड घाल, मग हंडा. मास्कची रबरं सैल पडली.

९ एप्रिल

पोकलेन आला. काठावर आम्ही वीसेक बायका. घोषणा नाहीत, काही नाही. हंडे घेऊन मधल्या कातळावर बसलो. ड्रायव्हर बिचारा बिडी ओढत राहिला.

दुपारी आबा आले.  ड्रायव्हरला सांगितलं, पाणी बाहेर पडतं त्या खालच्या तोंडाचा गाळ काढ, कातळाला हात लावायचा नाही. मग वर निघून गेले.

खालचं पाणी गढूळ झालंय. वर, कातळापाशी, निवळ.

जिंकलो असं कोणी म्हटलं नाही. मी मात्र इथे लिहितेय. जिंकलो.

२ मे

श्रीपती आबा घरी आले. चहा घेतला नाही. ओट्यावर उभ्यानेच म्हणाले, "देवळाच्या विहिरीचं पानी यंदाही गेलं. गुडघाभर उरलंय. खाली झरा कुठं बुजलाय, कुनालाच ठावं नाय. तू उतरशील?"

त्या विहिरीच्या पायरीवरसुद्धा बाईला पाय ठेवू देत नाहीत.

म्हटलं, उतरीन. दिवसा, सगळ्यांसमोर.

"उद्या ये," म्हणाले.